मोजणी

एकतीस डिसेंबर. सकाळच्या पेपरात निफाडचा पारा सहावर,
माझ्या वहीत आकडा बावन्नवर.
आठवड्याला एक, असं ठरलं होतं जानेवारीत,
जेल रोडच्या वाचनालयात,
कोठुळे वर्गणीची पावती फाडत असताना.
"मावशी, बावन्न?" त्याने विचारलं,
जणू मी बावन्न किलो कांदे मागितले.

अठ्ठावीस वर्षं नोट प्रेसमध्ये होते, मोजणीत.
करकरीत कागदांचे गठ्ठे अंगठ्याखालून सरसर.
एक शीट कमी भरली तर
सगळी पाळी अडकायची.
घरी तान्हं मूल असो, दारात पाहुणे असोत,
मोजणी जुळल्याशिवाय फाटक उघडत नसे.
ते पैसे नव्हतेच आमच्यासाठी. नुसता आकडा.
पुस्तकंही यंदा थोडी तशीच गेली,
खोटं कशाला बोलू.

सात नंबर: बिटको हॉस्पिटलच्या बाकावर,
आत दिरांचं ऑपरेशन.
गोष्ट आठवत नाही. फिनेलचा वास आठवतो,
आणि एकशे बाराव्या पानावर
डॉक्टर बाहेर आले होते, हे.
एकोणीस नंबर: शेवटची चार पानं कुणीतरी फाडलेली.
माझ्या लेखी ती बाई अजून फलाटावर उभी आहे
वळकटी घेऊन.
तेवीस ते सव्वीस निव्वळ बारीक म्हणून उचलली.
मे महिन्यात मी मागे पडले होते.

तेहेतीसपासून पुढची अकरा मोठ्याने वाचलीत.
शमशादचा मोतीबिंदू पिकला होता,
एक डोळा, मग दुसरा, अडीच-तीन महिने त्यात गेले.
प्रेसमध्ये शेजारच्याच टेबलावर असायची ती.
दुपारी रिक्षाने विहितगावला जायचे.
ती चाचपडत शेंगा फोडायची, मी वाचायचे.
वर्णन आलं की म्हणायची, "हे गाळ."
गाळलं नाही कधी. मोजणीतली बाई मी.
एकदा त्या गोष्टीतल्या मुलाने
आईच्या पत्राला उत्तर धाडलं नाही,
तर दोन दिवस शमशादने पुस्तक उघडू दिलं नाही.
"बसू दे त्याला तसाच," म्हणाली.

आज जेवणं झाल्यावर ताळा घ्यायला बसले.
अकरा नंबर आणि अठ्ठेचाळीस नंबर
एकच पुस्तक निघालं.
नवी आवृत्ती, वर नवं चित्र, मला पत्ताच नाही.
मार्चात लिहिलंय: संथ. सासू उगाच दुष्ट दाखवलीय.
नोव्हेंबरात लिहिलंय: सासूचं अगदी बरोबर होतं.
अक्षर दोन्हीकडे माझंच.
मधे मे महिना होता. घरात सून आली.

म्हणजे एक्कावन्न.
कपाटात एक चाळीस पानांचं पडलंय,
बाराच्या आत सहज उरकलं असतं.
हात गेलाही होता.

शमशादला फोन लावला. ती आता आपलं आपण वाचते,
अक्षरं एवढी काळी असतात हे विसरलेच होते, म्हणते.
"दोनदा वाचलंस ना? मग दोन धर."
"असं कसं? गठ्ठा एकच."
"मग फाटक बंद. बस रात्रभर,"
आणि हसता हसता तिला ठसका लागला,
पाणी प्यायला गेली ती फोन तसाच ठेवून.
मी ऐकत राहिले: माठाचं झाकण, पेला,
कुणाच्या तरी गच्चीवर स्पीकर तपासत होते.

वहीच्या शेवटी जुन्या सवयीने रकाने आखले.
ठरलेले: बावन्न. भरले: एक्कावन्न.
फरकाच्या रकान्यात अठ्ठावीस वर्षांत
शून्याशिवाय काही लिहिलं नव्हतं.
एक लिहिला. तो जरा वाकडा आला.
खाली सही केली, तारीख घातली.

बाहेरून सून विचारतेय,
"आई, फाटकाला कुलूप लावू का?"
म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ.
आणि आत ये, थंडी आहे.
एका सासूबद्दल तुला विचारायचंय.